चमचाभर पाणी

गडमुडशिंगीत हंबीररावांइतकं पाणी कुणी पाजलं नाही. पाणीपुरवठा संस्थेत ते एकतीस वर्षं पाटकरी होते. कुणाच्या उसाला कधी पाणी सोडायचं आणि किती वेळ, हे सगळं त्यांच्या हातात. पायपाला कान लावायचे आणि सांगायचे, तिसऱ्या शेतात पाटात बेडूक आडवा बसलाय, त्याला उठवा. एकदा तर त्यांनी सोडलेलं पाणी बांधाकडेला झोपलेल्या कुत्र्यापर्यंत आलं, थबकलं, शेपटीला वळसा घालून पुढं गेलं, आणि कुत्रं दिवस मावळेपर्यंत कोरडं झोपून राहिलं. ज्यांनी हे बघितलं ते आता हयात नाहीत, पण त्या कुत्र्याची पिल्लावळ गावात आहे, कुणालाही विचारा.

सोडण्यात असा हात. बंद करताना मात्र तोच हात उठायचा नाही. संस्थेत असताना पुढचा शेतकरी येऊन बोंब मारायचा, म्हणून पाळी बदलायची. निवृत्त झाल्यावर स्वतःच्या दोन एकरांत बोंब मारणारं कोण? सकाळी मोटर सुरू करून हंबीरराव बांधावर बसायचे, आणि ऊस अजून तहानलेला दिसतोय असं त्यांना दुपारपर्यंत वाटत राहायचं. एका श्रावणात त्यांच्या सरीत वडणगे गावची माणसं गळ टाकून बसलेली सापडली. गेल्या साली ऊस बुडातनं पिवळा पडला आणि रानाच्या खालच्या कोपऱ्यावर मीठ सांडल्यासारखा पांढरा थर आला, जादा पाण्यानं जमिनीतनं वर आलेला खार.

तेव्हा मुलानं, अमरसिंहानं, ठिबक बसवलं. त्याची नोकरी शिरोलीच्या फाउंड्रीत, त्याला रानाकडं बघायला सवड नाही. म्हणून मोटरच्या पेटीची किल्ली सुनेकडं, तेजस्वीकडं गेली. तेजस्वीनं शेतीचा डिप्लोमा केला होता. तिनं किल्ली मोबाईलच्या कव्हरला अडकवली, आणि मोबाईल काही तिच्या हातातनं सुटत नसे.

हंबीररावांचा जीव त्या किल्लीत अडकला. जेवताना किल्ली, चहाला किल्ली. शेवटी एका सकाळी तेजस्वी वैतागली.

"मामा, तुम्हाला पाणी सोडाय येतंय. थांबाय येत न्हाय."

"कोण म्हणतंय?"

"खालचा कोपरा म्हणतोय."

यावर हंबीरराव रागावले. तेजस्वी दुपारी कोल्हापूरला गेली आणि येताना काचेची एक रुंद तोंडाची बरणी, एक पिशवी खडी, थोडा कोळसा, जाड वाळू आणि नर्सरीतनं चिमुकली झाडं घेऊन आली. जाड पानांची, रबरासारखी. एक कमळाच्या आकाराचं, एक पट्ट्यापट्ट्यांचं, एक जेडचं आणि एक मण्यांच्या माळेसारखं लोंबणारं. प्रत्येकाची तीन-तीन.

"ह्याला टेरॅरियम म्हणत्यात," ती म्हणाली. "काचेतलं रान. खाली खडी, तिच्यावर कोळसा, वर वाळू घातलेली माती. पंधरा दिवसांतनं एक चमचा पाणी. बरणीला बुडात भोक न्हाय, जादा झालेलं पाणी कुठं जाणार न्हाय. तीनदा करून बघा. तिसऱ्यात दीड महिन्यानं एक जरी झाड हिरवं राहिलं, तर किल्ली तुमची."

"आणि मेली तर?"

"मग किल्लीचं नाव काढायचं न्हाय. कायमचं."

हंबीरराव हसले. ज्यानं अख्ख्या गावाचा ऊस वाढवला त्याला चार बोटांएवढी झाडं जगवायला सांगायची, म्हणजे हा अपमानच होता. पण किल्ली मिळणार होती, म्हणून त्यांनी तो गिळला.

पहिली बरणी त्यांनी स्वतःच्या अकलेनं भरली. तेजस्वीनं आणलेली बरणी त्यांना पोरखेळ वाटली. त्यांनी माळ्यावरनं लोणच्याची जुनी बरणी काढली, पोट मोठं आणि तोंड निमुळतं. खडी बाजूला सारली. "खडीत झाड लावायचं? शेती कराय लागलोय का स्लॅब टाकाय?" असं म्हणून त्यांनी खाली रानातली काळी माती घातली, मध्ये चांगलं कुजलेलं शेणखत, वर पुन्हा काळी माती. मग कमळासारखं झाड मुठीत धरून हात आत घातला. हात गेला. झाड लावलं. हात बाहेर येईना.

तेवढ्यात मल्लाप्पा आला. हा त्यांचा तीस वर्षांचा दोस्त, मूळचा गडहिंग्लजकडचा, कानडी बोलणाऱ्या घरातला. चौकात त्याचं किराणा दुकान. रोज अकराच्या सुमाराला दुकान पोराच्या भरवशावर टाकून तो चहाला यायचा.

"हंबीरा, हात कुठं ठेवलास?"

"दिसत न्हाय का?"

"दिसतोय की. काचेतनं दिसतोय. मोठा दिसतोय." मल्लाप्पानं खुर्ची जवळ ओढली. "मुठीत काय धरलाय का? माकड असंच सापडतंय म्हणत्यात, शेंगा सोडत न्हाय म्हणून."

"मुठीत काय न्हाय. हातच फुगलाय."

शालूबाई, हंबीररावांच्या घरधनीण, आतून गोडेतेल घेऊन आल्या. त्यांनी नवऱ्याच्या मनगटावर तेल ओतलं, मल्लाप्पानं बरणी धरली, दोघांनी ओढलं. हात सुटला, पण तेल बरणीत उतरलं. शालूबाई एवढंच म्हणाल्या, "फोडणीबी द्या की आता."

त्या बरणीचं पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. हंबीररावांनी बाकीची झाडं काठीनं आत ढकलली आणि झाकण घट्ट लावून ती उन्हात ठेवली, झाडाला ऊन पाहिजे म्हणून. काचेला आतून घाम फुटला. चौथ्या दिवशी शेणखताला कढ आला. पाचव्या दिवशी बरणीनं ढेकर दिला आणि झाकण उडून समोरच्या पत्र्यावर पडलं. सहाव्या दिवशी आत बोटभर उंचीच्या पांढऱ्या छत्र्या उगवल्या, त्यातली एक इतकी ऐसपैस होती की तिच्याखाली मुंगळे सावलीला बसायचे. नर्सरीतल्या झाडांपैकी एकाचाही पत्ता नव्हता. तेजस्वीनं बरणीत डोकावून बघितलं, नाक दाबलं आणि म्हणाली, "एक गेली."

दुसऱ्या वेळी हंबीरराव शहाणे झाले. तेजस्वीची रुंद बरणी घेतली, सांगितल्याबरहुकूम खडी, कोळसा, वाळू-माती असे थर दिले. शालूबाईंचा पापड भाजायचा चिमटा घेतला आणि नाकावर चष्मा ठेवून एकेक झाड असं बसवलं की मल्लाप्पासुद्धा चहा विसरला. पट्ट्यांचं झाड मध्ये, कमळ डावीकडं, जेड मागं, माळ काठावरनं लोंबती. छान दिसत होतं, खोटं कशाला बोला. उरली फक्त एक गोष्ट. चमचा.

"चमचा म्हणजी कुठला?" त्यांनी तेजस्वीला विचारलं. "आमटीचा डावबी चमचाच हाय."

"चहात साखर घालतोय त्यो."

हंबीररावांनी चमचाभर पाणी घातलं. ते पडलं आणि दिसेनासं झालं. वाळूवर नखाएवढा डागसुद्धा उरला नाही. त्यांना ते बघवेना. पावणा दारात आला आणि त्याच्यापुढं वाटीत थेंब ठेवला, असं झालं. त्यांनी दुसरा चमचा घातला, पहिल्यातलं थोडं काचेवर सांडलं असेल म्हणून. तिसरा घातला, कारण मागच्या जेडला पोचलं नसेल. चौथा आणि पाचवा माळेसाठी, ती लोंबत होती, तहानेशिवाय कोण लोंबेल? दुपारपर्यंत मोजणी अकरावर गेली. त्यानंतर त्यांनी चमचा सोडला आणि तांब्या घेतला.

आठ दिवसांनी कमळ बोट लावल्यावर पाकातल्या गुलाबजामसारखं फुटलं. जेडची पानं एकेक करून टपटपली. पट्ट्यांचं झाड तर बुडातनं सुटून बरणीत तरंगत होतं, होडीसारखं.

"दोन गेल्या," तेजस्वी म्हणाली.

हंबीररावांनी बरणी उकिरड्यावर रिकामी केली. वैताग झाडांचा नव्हता. एक चमचा घालून थांबायचं, एवढंच करायचं होतं, आणि ते जमलं नव्हतं. घरात कुणी बघत नसताना ते रानाच्या खालच्या कोपऱ्यात जाऊन आले. पांढरा थर अजून होता. पायानं उकरला, खाली आणखी होता.

तिसऱ्या वेळी त्यांनी तीच रुंद बरणी धुऊन घेतली. थर दिले, झाडं लावली, एकच चमचा पाणी घातलं, आणि तो चमचा घरातल्या लाकडी पेटीत घालून कुलूप लावलं. कुलपाची किल्ली शालूबाईंना दिली.

"चमचा कुलपात? आता साखर कशानं ढवळू?" शालूबाईंनी विचारलं.

"बोटानं ढवळ."

बरणी घराच्या पुढच्या सोप्यात खिडकीजवळच्या स्टुलावर ठेवली. हंबीररावांची खुर्ची स्टुलाच्या शेजारी. चार दिवस बरे गेले. आठव्या दिवशी त्यांनी काचेतनं बुडाकडं बघितलं आणि चष्मा पुसून परत बघितलं. खडीत बोटभर पाणी उभं होतं. चमचा कुलपात, पाऊस नाही, नळ परसात, आणि बरणीत पाणी.

संध्याकाळपर्यंत त्यांनी घरातल्या प्रत्येकावर आळ घेतला. आधी शालूबाई.

"तुळशीचं उरलेलं पाणी तूच वततीस."

"अवो, माझी तुळस अंगणात हाय. मी सोप्यातनं तांब्या घेऊन का हिंडू? मला कामं न्हाईत व्हय?"

मग मल्लाप्पा. "चहाचा गिलास इसळून तू बरणीत वततोस."

मल्लाप्पा उठून उभा राहिला. "अय्यो शिवने. तीस वर्सं ह्या घरात चहा पितोय, आजपत्तोर गिलास इसळायचं कुणी सांगितलं न्हाय, मी कशाला इसळीन?" तो निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजले तरी आला नाही.

शेवटी तेजस्वी. हे बोलायला नको होतं, पण ते बोलून गेले.

"किल्ली द्यायची नसंल तर तसं सांगायचं. पाणी वतून झाडं कशाला मारतीस?"

तेजस्वीच्या हातात ठिबकचा फिल्टर होता, ती ब्रशनं गाळ काढत होती. तिनं ब्रश थांबवला.

"मला किल्ली ठेवायचीच असती मामा, तर बरणी आणलीच नसती," असं म्हणून ती परत गाळ काढायला लागली. नंतर दोन दिवस तिनं त्यांचं ताट शालूबाईंच्या हातानं पाठवलं.

हंबीररावांना आपली चूक कळली होती, पण पाणी कोण ओततंय हे कळल्याशिवाय ती कबूल करणं त्यांच्याच्यानं होईना. त्यांनी आधी बरणी वाचवली. कापसाची लांब वात वळली, एक टोक कोपऱ्यातनं खडीपर्यंत सोडलं, दुसरं काठावरनं खाली लोंबतं ठेवलं. वातीनं थेंबथेंब पाणी ओढून बाहेर टाकलं. एकतीस वर्षं पाण्याशी काढलेला माणूस, तेवढं त्याला येत होतं. पण कमळ आणि माळ तोवर गेलीच.

मग पहारा. सकाळी अंघोळ झाली की हंबीरराव बरणीशेजारच्या खुर्चीत बसायचे आणि दिवस मावळल्यावर उठायचे. जेवणही तिथंच. पहिल्या दिवशी कुणी आलं नाही. तरी संध्याकाळी खडी ओली. दुसऱ्या दिवशी मांजर येऊन गेलं, त्यांनी त्याच्या मागं परसापर्यंत जाऊन बघितलं. तरी खडी ओली. आता तर भुताटकीच म्हणायची. त्यांनी बरणीला लिंबू-मिरची बांधली. शालूबाईंनी ती काढून नेली आणि आमटीत टाकली.

तिसऱ्या दिवशी मल्लाप्पा आला. रुसवा चार दिवसांवर टिकवायची त्याला सवय नव्हती. खाली मान घालून समोर बसला. हंबीररावांनीही काही दाखवलं नाही. शालूबाईंनी दोघांना पाण्याचा तांब्या-पेला आणून ठेवला. बोलणं हळूहळू रुळावर आलं, आणि हंबीरराव जुनी गोष्ट सांगू लागले, संस्थेचं इंजिन एकदा पाणी खेचता खेचता नदीतली सुसर कशी वर घेऊन आलं आणि ती तीन दिवस मुख्य टाकीत कशी राहिली. सांगता सांगता त्यांनी पेला उचलला, पाणी प्यालं, आणि बोलणं न थांबवता उजवा हात बाजूला नेऊन पेल्यातलं उरलेलं पाणी बरणीत रिकामं केलं.

मल्लाप्पा बघतच राहिला.

"हंबीरा. आत्ता काय केलास?"

"सुसरीचं सांगतोय. टाकीत—"

"सुसर ऱ्हाऊ दे. हातानं काय केलास?"

"पाणी प्यालो."

"उरलेलं?"

हंबीररावांनी पेल्यात बघितलं. रिकामा. बरणीत बघितलं. पट्ट्यांच्या झाडावरनं थेंब ओघळत होता.

त्यांच्या घरात प्यायचं पाणी जमिनीवर टाकायची पद्धत नव्हती. आजोबांपासून असंच होतं. तांब्यात घोटभर राहिलं तर शेजारी जे काही मुळं धरून उभं असेल त्याला द्यायचं. रानात बांधावर बसून जेवताना ऊस असायचा, घरात खिडकीखाली पूर्वी मोगरा होता. मोगरा जाऊन बारा वर्षं झाली. हातानं कुणाला न विचारता त्याच्या जागी बरणी धरली होती.

"रोज किती येळा पाणी पितोस?" मल्लाप्पानं विचारलं.

"सात-आठ येळा."

"शाब्बास," मल्लाप्पा म्हणाला, आणि त्यानं पुढं काही बोलायच्या आत शालूबाई आतनं खोकल्या; त्यांनी सगळं ऐकलं होतं.

हंबीरराव उठले. तेजस्वी परसात म्हशीला वैरण टाकत होती. तिच्यापुढं जाऊन उभे राहिले.

"मीच वतत हुतो."

तिनं वैरणीची पेंढी खाली ठेवली. "मला वाटलंच हुतं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुम्ही ऐकलं असतं?"

त्यांनी खाली ठेवलेली पेंढी उचलून म्हशीपुढं टाकली. "तुला जे बोललो ते मागं घेतो."

"घ्या," तेजस्वी म्हणाली. "दिवस किती ऱ्हायल्यात?"

"तेहतीस."

"आणि झाडं?"

"जेड हाय, आणि त्ये पट्ट्यांचं. जेडचं खरं न्हाय."

ती पुन्हा वैरण टाकू लागली. हंबीरराव मात्र तिथंच उभे राहिले. बरणी माळ्यावर टाकली असती तर प्रश्न सुटला असता, पण मग थांबला कोण असता? बरणी वाचली असती, हात थांबला नसता. त्यांची नजर म्हशीच्या गळ्यावर गेली. तिच्या गळ्यात पितळी घंटा होती, भाकरीच्या गोळ्याएवढी.

दुसऱ्या दिवसापासून ती घंटा हंबीररावांच्या उजव्या मनगटाला. हात पेल्याकडं गेला की टण. पेल्यावरनं बाजूला वळला की टण टण, आणि त्या आवाजानं हात जागचा थांबायचा. मग ते उठायचे, अंगणात जायचे आणि उरलेलं पाणी तुळशीला घालून परत यायचे. दिवसातनं आठ वेळा. त्या तेहतीस दिवसांत तुळस एवढी माजली की शालूबाईंना प्रदक्षिणा घालायला शेजाऱ्याच्या अंगणातनं जावं लागायचं.

त्रास विचारू नका. मिशी पुसली की घंटा. मंडईत वांगी निवडताना लोक मागं बघून वाट सोडायचे. पुतणीच्या साखरपुड्यात जेवायला बसले, प्रत्येक घासाला टण, आणि वाढपी प्रत्येक टणला आणखी भात वाढू लागला. घरी म्हैस घंटा ऐकून गोठ्यातनं ओ द्यायची, आणि हंबीरराव चिडून हात हलवून तिला गप्प बस म्हणायचे, त्यानं ती आणखी ओरडायची. मल्लाप्पानं एकदाच विचारलं, "धार किती देतोस?" आणि चहा न संपवता पळाला.

हंबीरराव वैतागले, शिव्या दिल्या, दोनदा घंटा काढून फेकली आणि दोनदा स्वतःच शोधून बांधली. बरणी भरल्यापासनं तिसाव्या दिवशी त्यांनी शालूबाईंकडनं चमच्याच्या कुलपाची किल्ली घेतली, चमचा काढला, एक चमचा पाणी घातलं. हात दुसऱ्या चमच्यासाठी वळला. घंटा वाजली. चमचा परत कुलपात गेला. जेडनं त्याच आठवड्यात शेवटचं पान टाकलं. पट्ट्यांचं झाड ढिम्म उभं होतं.

पंचेचाळिसाव्या दिवशी तेजस्वीनं बरणी अंगणात उजेडाला आणली, चारी बाजूंनी फिरवली. खडी कोरडी. तीन जागा रिकाम्या, चौथ्या जागी पट्ट्यांचं झाड, आणि त्याच्या बुडाला तांदळाएवढं नवं पिल्लू फुटलेलं. तिनं ते बघितलं, शालूबाईंना दाखवलं, आणि मोबाईलच्या कव्हरची किल्ली सोडवून सासऱ्याच्या हातावर ठेवली.

"आज पंचेचाळीस मिनिटं," ती म्हणाली. "कमी न्हाय, जास्त न्हाय."

हंबीररावांनी मनगटाची घंटा सोडून म्हशीला परत दिली आणि रानाकडं निघाले.

पेटी उघडली, मोटर सुरू केली. आणि काहीच झालं नाही. म्हणजे झालं, पण ऐकू येईना. पाटातलं पाणी कसं बोलत यायचं. हे ठिबकचं पाणी नळीच्या पोटातनं चोरासारखं जात होतं. ते बांधावर बसले. ऊस बघत होता. थोड्या वेळानं त्यांनी नळीच्या भोकाखालची माती बघितली. काळी पडत होती. वाटीएवढा ओला डाग, मग ताटलीएवढा. ओला डाग बघून त्यांच्या डोळ्यांपुढं पाकातल्या गुलाबजामसारखं फुटलेलं कमळ आलं. त्यांनी मूठभर माती उचलून दाबली. ओली लागली. उठले आणि मोटर बंद केली.

तेजस्वी पंचेचाळीस मिनिटं भरल्यावर आली, सासऱ्याला पेटीपासनं ओढून न्यावं लागणार अशा तयारीनं, पदर खोचून. मोटर गप्प होती.

"कधी बंद केली?"

"अठरा मिनिटं झाली तवा."

"का?"

"भिजली की माती."

तेजस्वीनं कपाळाला हात लावला. "मामा, ऊस हाय त्यो. बरणी न्हवं."

"सोडलं तर जादा, तोडलं तर कमी," हंबीरराव चिडून म्हणाले. "माणसानं करायचं तरी काय? एकदा काय त्ये ठरवा की."

"ठरलेलंच हुतं. पंचेचाळीस."

त्यांनी कुरकुरत पेटी उघडली आणि मोटर पुन्हा सुरू केली. तेजस्वीनं हात पुढं केला नाही, किल्ली मागितली नाही. ती बांधावर बसली, हंबीरराव तिच्यापासनं दोन हातांवर बसले. सत्तावीस मिनिटं राहिली होती. हंबीररावांनी दोनदा माती उचलली आणि दोनदा परत ठेवली. वेळ भरत आली तसं दोघांनीही पेटीकडं बघितलं. मोटर बंद करायला उठले मात्र हंबीरराव.